सिनेट ठराव २७ : समितीत मतं बरोबरीत अडकली तर काय? दोन वर्षांच्या वापरानंतरचं परीक्षण

अमेरिकी सिनेटमध्ये दोन्ही बाजूंना ५०-५० जागा पडल्या की खरी अडचण सभागृहात येत नाही, समितीत येते. सभागृहात मतं समसमान पडली तर उपराष्ट्राध्यक्ष निर्णायक मत देतात. राज्यघटनेच्या पहिल्या कलमातच तशी तरतूद आहे. समितीत मात्र उपराष्ट्राध्यक्षांना मत नाही आणि समितीच्या अध्यक्षालाही दुसरं मत नाही. न्यायाधीश असो, मंत्री असो वा राजदूत, राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेलं नाव आधी समितीतून जावं लागतं. तिथे ११-११ झालं की शिफारशीचा प्रस्ताव पडतो आणि नामांकन समितीच्या दप्तरातच राहतं.

या अडचणीवर केलेली सोय म्हणजे ३ फेब्रुवारी २०२१ रोजी मंजूर झालेला सिनेट ठराव २७. डेमोक्रॅट नेते चक शूमर आणि रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्यातला हा करार ११७व्या काँग्रेसपुरता, म्हणजे अमेरिकी संसदेच्या त्या दोन वर्षांच्या कार्यकाळापुरता, जानेवारी २०२३ पर्यंत लागू होता. त्या काळात तो भरपूर वापरला गेला, त्यामुळे त्याचं परीक्षण आता अंदाजावर नाही, अनुभवावर करता येतं. माझं मत आधीच सांगतो: समितीतली बरोबरी सोडवण्यासाठी यापेक्षा स्वच्छ यंत्रणा सिनेटला आजवर सापडलेली नाही. पण ही यंत्रणा सुरू व्हायला समितीत प्रत्यक्ष मतदान होऊन बरोबरी व्हावी लागते. मतदानच होऊ दिलं नाही, तर ती जागची हलत नाही. ठरावाचं सारं यश आणि सारं अपयश या एका अटीत आहे.

आधी वापरायची पद्धत. ठरावाने प्रत्येक समितीत दोन्ही पक्षांना समान सदस्य दिले: न्याय समितीत ११-११, बँकिंग समितीत १२-१२, सशस्त्र सेवा समितीत १३-१३, वित्त समितीत १४-१४. अध्यक्षपद मात्र सगळीकडे डेमोक्रॅट पक्षाकडे. म्हणजे सुनावणी कधी, मतदान कधी, हे अध्यक्ष ठरवणार. निकाल एकट्याच्या जोरावर लावू शकणार नाही. नामांकनावर मतदान झालं आणि बरोबरीमुळे ते समितीबाहेर जाऊ शकलं नाही, की अध्यक्ष सिनेटच्या सचिवांकडे तशी नोटीस पाठवतात आणि ती काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, छापली जाते. मग बहुमताचा किंवा अल्पमताचा नेता, समितीचे अध्यक्ष आणि विरोधी बाजूचे ज्येष्ठ सदस्य यांच्याशी सल्लामसलत करून, ते नामांकन समितीकडून काढून घेण्याचा प्रस्ताव सभागृहात मांडू शकतो. यालाच डिस्चार्जचा प्रस्ताव म्हणतात. त्यावर जास्तीत जास्त चार तास चर्चा, दोन्ही नेत्यांमध्ये निम्मी-निम्मी. दुरुस्ती नाही, हरकतीचा मुद्दा नाही, मध्ये दुसरा प्रस्ताव नाही. चर्चा संपली की थेट मतदान, आणि तेही साध्या बहुमताने. प्रस्ताव मंजूर झाला की नामांकन एक्झिक्युटिव्ह कॅलेंडरवर येतं, म्हणजे समितीने पाठवलेल्या इतर नावांच्या रांगेत बसतं.

चार तासांची मर्यादा आणि साधं बहुमत, या दोन गोष्टींचं मोल नेहमीच्या नियमांशी ताडून पाहिल्यावर कळतं. समितीकडून नामांकन काढून घेण्याची वाट सिनेटच्या कायम नियमांतही आहे, पण तिथे त्या प्रस्तावावरची चर्चा हवी तितकी लांबवता येते आणि ती आवरायला ६० मतं लागतात. पन्नास जागांच्या पक्षाला ६० मतं कुठून मिळणार? म्हणून एरवी ही वाट कागदावरच राहते. ठराव २७ ने तिच्यावरचा ६० मतांचा अडसर काढला, आणि तोही फक्त बरोबरीच्या प्रकरणांपुरता. याहून कमी बदलात एवढं काम झालं नसतं. मसुदा करणाऱ्यांना याचं पूर्ण श्रेय द्यायला हवं.

साचा नवा नव्हता. जानेवारी २००१ मध्ये रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट आणि डेमोक्रॅट नेते टॉम डॅशल यांनी अशाच ५०-५० च्या सिनेटसाठी ठराव ८ केला होता आणि २०२१ चा करार बहुतांशी त्यावरच बेतलेला आहे. त्या वेळी सॉलिसिटर जनरलपदासाठीचं टेड ओल्सन यांचं नाव न्याय समितीत ९-९ असं अडकलं आणि २४ मे २००१ रोजी सभागृहात ५१-४७ ने मंजूर झालं. त्याच दिवशी जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडत असल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत सिनेटचं पारडं फिरलं. त्यामुळे २००१ मध्ये या यंत्रणेची पुरती कसोटी लागलीच नाही. ती लागली २०२१ नंतर.

पहिली मोठी परीक्षा आरोग्यमंत्रिपदाची. हाविएर बेसेरा यांच्यावर ३ मार्च २०२१ रोजी वित्त समितीत १४-१४ मतं पडली. ११ मार्चला डिस्चार्ज ५१-४८ ने मंजूर झाला आणि १८ मार्चला नियुक्ती ५०-४९ ने. बरोबरीपासून नियुक्तीपर्यंत पंधरा दिवस. मंत्रिपदाच्या वादग्रस्त नावासाठी हा वेग चांगलाच म्हणायचा. त्याच महिन्यात संरक्षण खात्यातल्या धोरणविषयक पदासाठी कॉलिन काल १३-१३ वर, तर न्याय खात्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी वनिता गुप्ता ११-११ वर अडकल्या. दोघंही याच वाटेने सभागृहात पोचले आणि एप्रिलमध्ये मंजूर झाले.

सर्वांत बघण्यासारखा दिवस ४ एप्रिल २०२२ चा. सर्वोच्च न्यायालयासाठी केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नावावर न्याय समिती मतदान करणार होती. डेमोक्रॅट सदस्य अ‍ॅलेक्स पडिया यांचं कॅलिफोर्नियातून निघालेलं विमान, एका प्रवाशाची तब्येत बिघडल्यामुळे, मागे फिरलं. अध्यक्ष डिक डर्बिन यांनी मतदान काही तास लांबवलं. वरवर पाहता एका मताने काय बिघडणार होतं? समिती तशीही बरोबरीतच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठरावाची भाषा इथे अडवते. हजर असलेल्यांमध्ये गणित १० विरुद्ध ११ असं झालं असतं, आणि ती बरोबरी नव्हे, तो सरळ पराभव. पराभवासाठी ठरावात कुठलीच वाट नाही. पडिया पोचले, ११-११ झालं, त्याच संध्याकाळी सभागृहाने ५३-४७ ने डिस्चार्ज मंजूर केला आणि ७ एप्रिलला त्याच आकड्याने नियुक्ती झाली. सगळं सुरळीत असलं तर समितीतली बरोबरी एका दिवसात पार करता येते, हे या प्रकरणाने दाखवलं. आणि सगळं सुरळीत असायला एकेक सदस्य खोलीत असावा लागतो, हेही.

आता खर्चाची बाजू. समितीने रीतसर पाठवलेल्या वादग्रस्त नावाला सभागृहात दोन मतदानं लागतात: एक क्लोचरचं, म्हणजे चर्चा आवरती घेण्याचं, आणि दुसरं नियुक्तीचं. बरोबरीत अडकलेल्या नावाला तिसरं लागतं, डिस्चार्जचं, आणि ते सर्वांत आधी. क्लोचर दाखल झाल्यावर मधला एक दिवस जावा लागतो. क्लोचरनंतर मंत्री, अपील न्यायालयं आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ३० तासांपर्यंत चर्चा होऊ शकते. जिल्हा न्यायाधीश आणि बहुतेक दुय्यम पदांसाठी एप्रिल २०१९ पासून दोनच तास. यात डिस्चार्जचे चार तास मिळवा. मोठ्या पदासाठी हा बोजा परवडतो. कनिष्ठ पदासाठी सभागृहाचा एवढा वेळ देणं बहुमताच्या नेत्याच्या जिवावर येतं, आणि असं नाव बरोबरी होऊनही रांगेत मागे पडत जातं.

शिवाय प्रत्येक मतदानाला पूर्ण पन्नास हजर हवेत आणि गरज पडली तर उपराष्ट्राध्यक्षही. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, संचालक मंडळासाठी लिसा कुक यांचं प्रकरण या दृष्टीने नीट अभ्यासावं असं आहे. १६ मार्च २०२२ ला बँकिंग समितीत १२-१२. २९ मार्चला डिस्चार्ज ५०-४९ ने मंजूर. २६ एप्रिलला क्लोचर ४७-५१ ने फेटाळला गेला, कारण दोन डेमोक्रॅट सदस्य कोविडमुळे गैरहजर होते आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचीही चाचणी पॉझिटिव्ह आली होती. आपला प्रस्ताव पडतोय हे दिसताच शूमर यांनी स्वतःचं मत विरोधात टाकलं. जिंकणाऱ्या बाजूने मत दिलेल्या सदस्यालाच फेरविचार मागता येतो, म्हणून ही खेळी. १० मे रोजी हॅरिस यांच्या मताने ५१-५० झालं. समितीतल्या बरोबरीपासून जवळपास आठ आठवडे. ठरावाने आपलं काम मार्चमध्येच चोख केलं होतं. पुढचा उशीर बहुमत इतकं काठावरचं असण्याचा होता.

आणि मतं नसतील तर ठराव ती निर्माण करत नाही. शस्त्र-परवाने आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या संस्थेच्या प्रमुखपदासाठी डेव्हिड चिपमन यांचं नाव २४ जून २०२१ रोजी न्याय समितीत ११-११ वर थांबलं. स्वपक्षाचीच ५० मतं जमत नव्हती, म्हणून डिस्चार्जपर्यंत गोष्ट गेलीच नाही आणि सप्टेंबरमध्ये नाव मागे घेतलं गेलं. याला मी ठरावाचा दोष मानत नाही. सभागृहाच्या बहुमताला हवं असलेलं नाव समितीत अडू नये, एवढीच त्याची जबाबदारी.

दोष दुसरीकडे आहे, आणि तो गंभीर आहे.

सिनेटच्या नियम २६ मधल्या सातव्या परिच्छेदानुसार कुठलीही बाब समितीबाहेर पाठवायची तर समितीच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी प्रत्यक्ष खोलीत असावं लागतं. ‘निम्मे’ चालत नाहीत, ‘निम्म्याहून अधिक’ हवेत. २४ जणांच्या समितीत १३. आता ठराव २७ ने प्रत्येक पक्षाला १२ सदस्य दिलेत. एका पक्षाचे बाराही जण आलेच नाहीत तर? गणपूर्ती नाही. गणपूर्ती नाही म्हणून मतदान नाही, मतदान नाही म्हणून बरोबरी नाही, बरोबरी नाही म्हणून सचिवांकडे नोटीस नाही, आणि नोटीस नाही म्हणून डिस्चार्जही नाही. विरोधात मत द्यायचं तर निदान बरोबरी होऊन नाव सभागृहात जातं. घरी बसलं तर ते समितीतच कुजतं. म्हणजे ठरावाने विरोधकांना हजर राहून ‘नाही’ म्हणण्यापेक्षा गैरहजर राहणं जास्त फायद्याचं करून ठेवलं.

१५ फेब्रुवारी २०२२ ला बँकिंग समितीत नेमकं हेच घडलं. फेडरल रिझर्व्हच्या पाच नावांवर मतदान होतं आणि रिपब्लिकन सदस्य आलेच नाहीत. आक्षेप मुख्यतः सारा ब्लूम रॅस्किन यांच्यावर होता, पण अडकली पाचही नावं, त्यात पुन्हा अध्यक्षपदी येणारे जेरोम पॉवेलही. महिनाभराने डेमोक्रॅट सदस्य जो मँचिन यांनी रॅस्किन यांना पाठिंबा नाकारला, १५ मार्चला रॅस्किन यांनी नाव मागे घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी समिती भरली. फिलिप जेफरसन २४-०, पॉवेल २३-१. इतक्या निर्विवाद नावांनाही महिनाभर थांबावं लागलं. लघुउद्योग समितीत तर हा प्रकार २०२१ पासूनच सुरू होता: लघुउद्योग प्रशासनाच्या उपप्रमुखपदासाठी दिलावर सय्यद यांचं नाव आलं की रिपब्लिकन सदस्य पुन्हापुन्हा गैरहजर. सय्यद यांना मंजुरी मिळाली ती जून २०२३ मध्ये, पुढच्या काँग्रेसमध्ये समितीत डेमोक्रॅट पक्षाला एक सदस्य जास्त मिळाल्यावर.

बहिष्कार हे हत्यार जुनंच आहे, पण समसमान समितीतच ते खरं चालतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये वित्त समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी मंत्रिपदांसाठीच्या टॉम प्राइस आणि स्टीव्हन मनुचिन या नावांवरच्या मतदानावर बहिष्कार टाकला. तेव्हा रिपब्लिकन १४ होते, डेमोक्रॅट १२. विरोधी पक्षाचा निदान एक सदस्य हजर हवा, हा समितीचा स्वतःचा नियम रिपब्लिकनांनी स्थगित केला आणि दोन्ही नावं १४-० ने पुढे पाठवली. २६ पैकी १४ म्हणजे निम्म्याहून अधिक, त्यामुळे सिनेटचा नियम पाळला गेला. २०२२ मध्ये २४ पैकी १२ असल्यामुळे ही वाट बंद होती. समितीचा नियम समितीला स्थगित करता येतो, सिनेटचा नाही.

पर्याय काय होते? एक जुना, सभ्य पर्याय आहे: नाव शिफारशीविना पाठवणं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर न्याय समितीत ७-७ झालं, तेव्हा त्याच समितीने १३-१ ने त्यांचं नाव कसल्याही शिफारशीविना सभागृहाकडे धाडलं, आणि तिथे ते ५२-४८ ने मंजूर झालं. १९८७ मध्ये त्याच न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचं नाव तर ९-५ ने प्रतिकूल शिफारशीसह गेलं होतं. नावाला विरोध असला तरी निर्णय सभागृहाने घ्यावा, ही समज तेव्हा दोन्ही बाजूंना होती. या पर्यायाला कुठला विशेष ठराव लागत नाही, पण समोरच्याचं सहकार्य लागतं, आणि ते गृहीत धरून आज कुणी मसुदा लिहिणार नाही.

आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडेल की अध्यक्षाला निर्णायक मत देऊन मोकळं का होत नाहीत. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत समित्यांसाठी तेच आहे: गणपूर्ती साधारण एक तृतीयांश आणि मतं समान पडली तर समितीच्या अध्यक्षांचं दुसरं मत. एकाच वेळी बरोबरीही सुटते आणि बहिष्काराची धारही जाते. पण लोकसभेच्या समित्यांकडे नियुक्त्या मंजुरीसाठी येत नाहीत; तिथे निर्णायक मताचा अर्थ अहवालातल्या परिच्छेदापुरता. सिनेटमध्ये हा अधिकार दिला असता तर समसमान समिती हे शब्द पोकळ झाले असते, आणि मॅकॉनेल यांनी त्यावर सही केली नसती. नियमावरची सहमती व्हायलाच तेव्हा दोन आठवडे गेले होते; तोवर जुन्याच समित्या, जुन्याच रिपब्लिकन अध्यक्षांसह, बसून होत्या. त्यामुळे नेमक्या या करारात निर्णायक मत नसणं मला समजतं. गणपूर्तीकडे दुर्लक्ष झालं, ते मात्र समजत नाही.

मुदतीचाही प्रश्न आहे. ठराव ११७व्या काँग्रेसबरोबर संपला. पुढच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट ५१ झाले, न्याय समितीत ११-१० असं बहुमत आलं आणि बरोबरीची सोय अनावश्यक वाटली. मग समितीतल्या डेमोक्रॅट सदस्य डायान फाइनस्टाइन फेब्रुवारी २०२३ पासून आजारपणामुळे येऊ शकल्या नाहीत आणि समिती १०-१० झाली. प्रॉक्सी मताने, म्हणजे गैरहजर सदस्याच्या वतीने दिलेल्या मताने, निकाल फिरवता येत नाही, बरोबरीसाठीचा डिस्चार्ज आता उपलब्ध नाही. १८ एप्रिलला शूमर यांनी फाइनस्टाइन यांच्या जागी तात्पुरते डेमोक्रॅट सदस्य बेन कार्डिन यांना नेमण्याची परवानगी मागितली. रिपब्लिकन सदस्य लिंडसे ग्रॅहम यांनी हरकत घेतली आणि विषय तिथेच थांबला. अनेक न्यायाधीशांची नावं मे महिन्यात फाइनस्टाइन परत येईपर्यंत अडकून राहिली. एका जागेचं बहुमत ५०-५० पेक्षा अधिक नाजूक ठरलं, कारण ५०-५० ला निदान ठराव होता.

ही यंत्रणा समितीपुरती आहे, हेही ध्यानात ठेवावं. दिल्लीतल्या राजदूतपदासाठी एरिक गार्सेटी यांचं नाव जानेवारी २०२२ मध्येच समितीतून बाहेर पडलं होतं. ते अडलं सभागृहात, मतांअभावी. वर्षअखेरीला नामांकन परत गेलं, पुन्हा पाठवावं लागलं आणि मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ ला, ५२-४२ ने.

पुढच्या वेळी ५०-५० आलं तर हाच मसुदा घ्यावा, पण तीन ठिकाणी हात फिरवून. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती नोटीशीच्या अटीत: ‘मतं बरोबरीत पडल्यामुळे’ याऐवजी ‘मतं बरोबरीत पडल्यामुळे किंवा मतदानासाठी रीतसर बोलावलेल्या सलग दोन बैठकांत गणपूर्ती न झाल्यामुळे’. दोन बैठकांची अट यासाठी, की खराब हवामानामुळे किंवा रद्द झालेल्या विमानामुळे एक बैठक वाया गेली तर तेवढ्यावरून नाव समितीबाहेर खेचलं जाऊ नये. दोन बैठकांत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवावं, नाहीतर अध्यक्ष एकाच दुपारी दोन बैठका लावून मोकळा होईल. एवढं केलं की घरी बसण्याचा फायदा संपतो, आणि जे विरोधक आले नसते ते निदान आपला आक्षेप नोंदवायला येतात.

दुसरी दुरुस्ती: ही सोय समसमान समित्यांपुरती न ठेवता, कुठल्याही समितीत बरोबरी झाली तरी लागू करावी, म्हणजे एका सदस्याच्या आजारपणावर न्यायालयांतल्या रिकाम्या जागा लटकत राहणार नाहीत.

तिसरी: कनिष्ठ पदांसाठी एकाच प्रस्तावात अनेक नावं डिस्चार्ज करण्याची मुभा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटने ४८ नावं एकाच मतदानाने मंजूर केली, त्यामुळे एकगठ्ठा मतदान आता तिथे परकं राहिलेलं नाही. पण ती सर्व नावं समितीतून बाहेर आलेली होती. समितीत अडकलेल्यांना हा मार्ग खुला करताना प्रत्येक नावाची बरोबरीची नोटीस रेकॉर्डमध्ये वेगवेगळी छापलेली असावी, आणि ठरावीक संख्येच्या सदस्यांनी मागणी केली तर एखादं नाव गठ्ठ्यातून वगळून त्यावर स्वतंत्र मतदान घ्यावं.